रुपचंदचा रोट

अभिमननं आधी चपला काढल्या. मग कमरेचा पट्टा, खिशातला किल्ल्यांचा जुडगा, छातीवरचा बिल्ला आणि शेवटी, थोडा विचार करून, मनगटावरचं घड्याळ. हा सगळा ऐवज त्यानं शेजारच्या बाजरीच्या पोत्यावर मांडला आणि एका हातानं पँट सावरत तो आडतीतल्या मोठ्या काट्यावर चढला.

"श्वास सोडा," सुपडू मापाडी म्हणाला.

"सोडला."

"मग घ्या परत. सोडून काही फरक पडला नाही."

सुपडूनं दांडीवरचं वजन बोटानं पुढे सरकवलं, जरासं मागे घेतलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं साऱ्या आडतीला ऐकू जाईल अशा सुरात पुकारलं, "एकोणनव्वद आणि वर चाऽऽरशे!"

दोन हमालांनी माना वर केल्या. माल कोणता ते पाहून त्यातला एक हसला.

"मागच्या शुक्रवारी किती होतं?" अभिमननं विचारलं.

"एकोणनव्वद आणि वर चारशे."

"काटा अडकलाय तुमचा."

"काट्यावर सरकारी शिक्का आहे, ड्रायव्हरसाहेब. अडकलाय तो वरचा माल." मग सुपडूला दया आली असावी. "पोत्याचं बारदान वजा करू का किलोभर? सगळ्यांचं करतो."

अभिमननं या सूचनेवर प्रामाणिकपणे विचार केला. पण बुधवारी ज्या काट्यावर उभं राहायचं होतं तो डॉक्टरचा होता, आणि डॉक्टर बारदान धरत नव्हता.

प्रकरण जूनमध्ये सुरू झालं होतं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या ड्रायव्हरांची तपासणी निघाली. अभिमनचे डोळे उत्तम निघाले, कान उत्तम निघाले, मग वजन निघालं आणि ते शहाण्णव निघालं. डॉक्टर नवा होता आणि हौशी होता. त्यानं अभिमनला धुळे डेपोच्या आवारात नेलं, एका उभ्या गाडीत स्टेअरिंगमागे बसवलं आणि पोट व स्टेअरिंग यांच्यामधून घडी घातलेलं वर्तमानपत्र सरकवून पाहिलं. वर्तमानपत्र गेलं नाही. डॉक्टरनं घडी उलगडून एकच पान सरकवलं. तेही अग्रलेखापाशी अडकलं.

"दोन महिने देतो," डॉक्टर म्हणाला. "अठ्ठ्याऐंशीच्या आत या. नाही तर हलकं काम लिहीन."

हलकं काम म्हणजे डेपोच्या फाटकाशी खुर्ची टाकून आत-बाहेर करणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपणं. शहाण्णव किलोच्या माणसाला हलकं काम द्यावं या तर्कात अभिमनला कुठे तरी खोट दिसत होती, पण त्यावर अपील नव्हतं.

पहिला महिना बरा गेला. चार भाकरींची एक भाकरी झाली. त्याची बायको पुष्पाबाई सकाळी कारल्याचा रस काढून समोर उभी राही आणि पेला रिकामा झाल्याशिवाय हलत नसे. सहा किलो उतरले. पट्ट्याला आतल्या बाजूनं दोन भोकं पडली. अभिमननं स्टेअरिंगसमोरच्या काचेवर कोपऱ्यात कागद चिकटवला आणि त्यावर शाईनं मोठ्या आकड्यांत ८८ लिहिलं. प्रवासी विचारत, हे काय? मोतीलाल कंडक्टर सांगे, गाडीत एवढेच बसवतो.

मग शरीराच्या काय ते लक्षात आलं आणि त्यानं सहकार्य थांबवलं. भाकरी अर्धी झाली तरी काटा हलेना. भूक मात्र रोज नव्यानं लागे. अभिमनला आता झोपेत शेवभाजी दिसे; कडेचा तवंगसुद्धा दिसे. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं, म्हणून तो देवपुरातल्या घरून डेपोपर्यंत पायी निघे. पण चालायचं तर गाव आपलं नसावं लागतं. शंभर पावलांवर कुणी तरी स्कूटर थांबवी.

"काय हो अभिमनभाऊ, पायी? गाडी बंद पडली का?"

"चालतोय मी."

"ते दिसतंच आहे. बसा मागे."

"अहो, मुद्दाम चालतोय."

"लाजता काय राव! बसा."

नाही म्हणायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात डेपो आला असता. एकदा तो माणसं टाळायला मागच्या गल्लीनं गेला, तर तिथे निवृत्त मास्तर भेटले. त्यांना सोबत हवीच होती. ते दर वळणावर थांबून बोलत आणि शेवटच्या वळणावर त्यांनी साखर घालून चहा पाजला. त्या आठवड्यात पाव किलो वाढलं.

मोतीलालची तऱ्हा वेगळी. तो पन्नास किलोचा होता आणि दिवसभर खात असे. धुळे-शिरपूर गाडी नरडाण्याला थांबली की तो भज्यांचा पुडा घेऊन यायचा आणि इंजिनच्या झाकणावर बसून खायचा.

"तुम्ही मनावर घेत नाही, भाऊ," तो तोंड भरलेलं असताना म्हणे. "मन पाहिजे. मन असलं की सगळं होतं."

"माझं मन आहे रे. ते त्या पुड्यात आहे."

आणि सोनगीरला माय होती.

धुळ्याहून निघालेली गाडी अकराच्या सुमारास सोनगीरला दोन मिनिटं थांबे. भागाबाई रोज थांब्यावर उभी असे. ती आधी गाडीच्या दाराशी थांबून उतरणारी माणसं बघे. शेवटचा माणूस उतरला की मग गाडीच्या तोंडापुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला येई आणि हात उंच करून डबा वर देई. पुष्पाबाईनं जूनमध्ये सासूला समजावून सांगितलं होतं की यांचं खाणं कमी करायचं आहे. भागाबाईनं नीट ऐकून घेतलं आणि लाडवांचा आकार लहान केला. संख्या वाढवली.

लाडू मोतीलाल खाई. पण फाटकावरच्या खुर्चीची अभिमनला धास्ती होती ती या दोन मिनिटांसाठीच. खुर्ची सोनगीरला जात नाही. माय थांब्यावर येतच राहणार, उतरणारी माणसं बघणार, वळसा घालणार, आणि वर दुसराच कुणी ड्रायव्हर बसलेला असणार.

उतरणाऱ्यांत ती कुणाला बघते हे अभिमनला माहीत होतं. त्याचा धाकटा भाऊ रुपचंद सहा वर्षांपूर्वी सुरतेला यंत्रमागांवर कामाला गेला होता. दोन वर्षं पत्रं आली. नंतर आली नाहीत. अभिमन दोनदा जाऊन आला. पहिल्या खेपेला रुपचंदच्या खोलीला कुलूप होतं, दुसऱ्या खेपेला तिथे एक उडिया कुटुंब राहत होतं आणि त्यांनी अभिमनला चहा दिला.

त्या शुक्रवारी नरडाण्याला मोतीलालनं पुडा सोडता सोडता विषय काढला.

"परवा कानबाई."

"माहीत आहे."

"म्हणजे रोट."

"माहीत आहे रे."

"गेल्या वर्षी कानबाईनंतर तुम्ही पट्ट्याला बाहेरच्या बाजूनं नवं भोक पाडलं होतं. यंदा बुधवारी डॉक्टर आहे. मी आपलं आठवण म्हणून सांगितलं."

खानदेशात कानबाई देवी श्रावणातल्या एका रविवारी येते आणि सोमवारी जाते. मागे राहतात ते रोट. अभिमनच्या भावकीत पद्धत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वापाच मुठी गहू मोजायचे, त्यात हरभऱ्याची डाळ घालून दळायचे आणि त्याचे जाड रोट तूप सोडून भाजायचे. हे रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाहीत. गुराला घालायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. संपवायचे. एखादा वाटा उरला तर तो ज्याच्या नावाचा आहे त्याचं काही खरं नाही, असं बायका म्हणत. पुरुष असं मानत नसत, पण उरू देत नसत.

माणूस गेला की त्याच्या मुठी बंद होत. अभिमनचे वडील वारले त्या श्रावणात भागाबाईनं त्यांचं नाव घेतलं नाही, एवढंच.

रुपचंदच्या मुठी मात्र दर वर्षी पडत होत्या. त्याचे रोट वेगळ्या ताटात वाढले जात, ताट जरा वेळ भिंतीशी ठेवलं जाई, आणि मग भागाबाई ते अभिमनपुढे सरकवी. "भाऊना वाटा भाऊच खास," ती म्हणे; भावाचा वाटा भावानंच खायचा. चुलतभाऊ निंबाला गॅसचा त्रास होता आणि तो त्याला कानबाईच्याच दिवशी होई. सुनांना आपापल्या नवऱ्याच्या वाट्यातलं चाले, पण रुपचंदला बायको नव्हती. मायला दात नव्हते. अशा रीतीनं सहा वर्षं अभिमन दोन माणसांचं जेवत होता. डॉक्टरनं वजन का वाढलं असं विचारलं तेव्हा त्यानं 'अनुवंशिक' असं सांगितलं होतं.

"सरळ सांगा," मोतीलाल म्हणाला. "माय, रुपचंदचे रोट यंदा निंबाला दे, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. यात काय अवघड आहे? म्हणून दाखवा बरं."

"माय, रुपचंदचे..." अभिमन म्हणाला आणि त्यानं गाडी सुरू केली.

परतीच्या वाटेवर त्यानं ते वाक्य मनात सात-आठ वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी ते 'माय'पर्यंत चांगलं जमत होतं.

शनिवारी तो रजा टाकून सोनगीरला गेला, प्रवासी म्हणून. पुष्पाबाई पोरांना घेऊन रविवारी येणार होती. दुसऱ्याच्या गाडीत बसलं की त्याला ब्रेक उशिरा लागल्यासारखे वाटत; सगळ्या रस्त्यात तो उजवा पाय दाबत राहिला. एवढंच काय ते व्यायाम म्हणून झालं.

घरात शेणानं सारवल्याचा ओला वास होता. भागाबाई ओसरीवर पितळी परात पुढ्यात घेऊन बसली होती. शेजारी गव्हाची कोठी उघडी होती. तिनं मान न वळवता ओळखलं.

"उना का? बस."

"माय, एक सांगणं व्हतं."

"आधी मोजू दे. मधमा बोलू नको, चुकी जाई."

तो उंबऱ्यावर बसला. भागाबाईनं कोठीत हात घातला.

"अभिमन," ती म्हणाली, आणि मूठ परातीवर धरून सोडली. एक. दोन. तिची मूठ आता लहान झाली होती. दाणे बोटांच्या फटींतून आधीच निसटत. पाच झाल्या. मग तीन बोटांत मावतील तेवढे दाणे, ती वरची पाव.

यानंतर रुपचंद. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, अशीच रीत होती. भागाबाईनं अभिमनच्या मोठ्या मुलाचं नाव घेतलं. मग धाकट्याचं. अभिमनला वाटलं, विसरली, शेवटी घेईल. मग निंबा. मग निंबाचे तीन पोरगे, एकामागून एक. शेवटच्या पोराची वरची पाव मूठ पडली आणि भागाबाईनं हात लुगड्याला पुसले. कोठीवर झाकण ठेवलं.

ओसरीवर चिमण्या आल्या होत्या. त्यांना हाकलायचंही दोघांच्या लक्षात आलं नाही.

"काय सांगत व्हता?" तिनं विचारलं.

"काही नही."

"डागदर बुधवारले ना?"

"तुले कोनी सांगं?"

"पुष्पानी. तुना पोटले गाडीनं चाक लागस म्हने." ती परातीतले गहू उगाच सारखे करत होती. "गाडी चालू ऱ्हाऊ दे तुनी."

एवढं बोलून ती डाळ आणायला आत गेली.

अभिमनला जे मागायचं होतं ते न मागता मिळालं होतं. अशा वेळी माणसानं खूश व्हायचं असतं. त्यानं तसा प्रयत्न करून पाहिला. एक किलो चारशे. रोट एकाच वाट्याचे खायचे, तेही अर्धे मुलांकडे सरकवायचे, सोमवार-मंगळवार नुसत्या पाण्यावर काढायचे, की बुधवारी काटा अठ्ठ्याऐंशीच्या खाली. हिशेब चोख बसत होता. मायनं तो सकाळी शेण कालवताना किंवा त्याच्याही आधी कधी तरी बसवला असणार, दोन पोरं पुढ्यात घेऊन, आणि त्यातलं एक उचलून बाजूला ठेवलं असणार.

मग त्याला राग आला. आधी डॉक्टरचा आला, मग त्या वर्तमानपत्राचा. सुपडूच्या काट्याचा आला, कारल्याचा आला, मोतीलालच्या पन्नास किलोंचा आला. पंधरा पैशांचं एक कार्ड टाकता येत नाही त्या सुरतेच्या गाढवाचा तर इतका आला की तो उंबऱ्यावरून उठून उभाच राहिला. दोन महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाचा राग होता तो. त्याला कुठे बसावं कळत नव्हतं.

त्यानं कोठीचं झाकण काढलं.

मोजायचं काम बाईचं. पुरुषानं कोठीत हात घातल्याचं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं, आणि अभिमनचा हात कोठीच्या तोंडातून सहज जातही नव्हता. मूठ भरल्यावर तर बाहेरच येईना. दोन महिन्यांत तिथलं काहीच उतरलं नव्हतं. त्यानं मनगट फिरवून मूठ काढली आणि परातीवर धरली. मग त्याला आठवलं की नाव घ्यायचं असतं.

सुरतेहून दुसऱ्यांदा परत आल्यापासून त्यानं ते नाव या घरात मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"रुपचंद," तो म्हणाला.

एक. दोन. तीन. चार. पाच. वरची पाव मूठ म्हणजे नेमकी किती हे त्याला ठरवता येईना. मायनं तीन बोटं धरली होती; त्याच्या तीन बोटांत तिची अख्खी मूठ आली. असू दे, म्हणून त्यानं तीही सोडली.

मान वर केली तेव्हा भागाबाई डाळीची वाटी घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, ते कळायला मार्ग नव्हता. ती परातीपाशी येऊन बसली. वरचा ढीग वेगळा दिसत होता. तिनं तो बघितला.

"तुनी मूठ मोठी शे," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे."

"तुलेच खानं पडी."

"माहीत शे माले."

भागाबाईनं डाळ परातीत ओतली. मग दोन्ही हात घालून ती गहू खालीवर करू लागली. मोठ्या मुठीचे दाणे कुठले आणि लहान मुठीचे कुठले हे कुणालाही सांगता येणार नाही इतके एक झाले तरी तिचे हात थांबले नाहीत. शेवटी अभिमननंच डबा आणून परातीला लावला.

कानबाईच्या आदल्या दिवशी गिरणीवाला चिंधा जातं धुऊन घेई आणि नुसती रोटांचीच दळणं काढी. गिरणीबाहेर डब्यांची रांग लागली होती. प्रत्येक डब्यावर घराचं नाव आणि किती माणसांचं ते खडूनं लिहायची त्याची पद्धत होती, म्हणजे पीठ इकडचं तिकडे होत नसे. चिंधानं अभिमनच्या हातातला डबा ओळखला आणि विचारायच्या आधीच त्यावर खडू चालवला.

"भागाबाईना सात."

"आठ," अभिमन म्हणाला.

"सात म्हने ती. सकायले सांगी गयी माले."

"मोजाले चुकनी ती. आठ लिख."

चिंधानं एकदा त्याच्या पोटाकडे बघितलं. बुधवारची गोष्ट सोनगीरलाही पोचलेली दिसत होती. मग त्यानं तोंडाकडे बघितलं. अंगठा जिभेला लावून त्यानं सातावर फिरवला, आणि पुसलेल्या जागी आठ काढला.

अभिमननं डबा रांगेत ठेवला. त्याच्यापुढे अकरा डबे होते.